बदलत्या पत्त्यांचा इतिहास: निजामी बंदीपासून टॉरच्या जाळ्यापर्यंत

लातूर–नांदेड रस्त्यावरचे चाकूर हे तालुक्याचे गाव, आजच्या लातूर जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आणि या संस्थानातील सार्वजनिक जीवनाचा इतिहास बऱ्याच अंशी परवानगी, बंदी आणि बंदी चुकवण्याचे उपाय यांचा इतिहास आहे. १९२९ मध्ये निघालेल्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभा घेण्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. गश्ती म्हणजे सर्व कचेऱ्यांकडे फिरवले जाणारे सरकारी परिपत्रक. पुढे १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. अशा राज्यात लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला आणि बातमी पोहोचवणाऱ्याला स्वतःचा ठावठिकाणा सांभाळणे भाग होते. आज संगणकीय जाळ्यावर ‘टॉर’सारख्या यंत्रणेतून, दर काही मिनिटांनी पत्ता बदलत, आपोआप मागण्या पाठवणारे प्रोग्राम लिहिले जातात, तेव्हा त्यामागचा प्रश्न तोच असतो: मागणी पोहोचावी, पण मागणारा कोण आणि कोठे आहे हे कळू नये. या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. पत्ता वारंवार बदलणे हे त्यांतले सोपे उत्तर, तर पत्त्याची माहिती कोणा एकाकडे साठूच न देणे हे अवघड उत्तर. आणि इतिहासात सोपे उत्तर पुन्हापुन्हा अपुरे ठरले आहे.

सोप्या उत्तराचे मराठवाड्यातील ठळक उदाहरण म्हणजे आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेल्या या पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते वेगवेगळ्या नावांनी, संस्थानाच्या हद्दीबाहेरून प्रसिद्ध होत राहिले. बंदीचा हुकूम विशिष्ट नावाच्या पत्रावर निघत असल्यामुळे नाव बदलताच जुना हुकूम कागदोपत्री निरुपयोगी होई, आणि नव्या नावावर नवा हुकूम काढण्यात सरकारी दफ्तराचा जो वेळ जाई, तेवढ्या अवधीत पत्राचे अंक वाचकांपर्यंत पोहोचत. ही युक्ती धाडसाची आणि काही काळ परिणामकारकही होती. परंतु तिची मर्यादा तिच्या यशातच दडलेली होती. नाव बदलले तरी लेखणी तीच, विषय तेच आणि वाचकही तेच असल्याने नव्या नावाचे पत्र जुन्याच पत्राचा अवतार आहे हे वाचकाला पहिल्या अंकात कळे, आणि जे वाचकाला कळे ते सरकारलाही कळण्यास फार विलंब लागत नसे. पत्ता किंवा नाव बदलल्याने ओळख पुसली जात नाही, ती फक्त काही काळ मागे पडते, हा धडा संगणकीय जाळ्यावर वावरणाऱ्यांना पुढे नव्याने शिकावा लागला.

मुंबईत १९४२ च्या आंदोलनात चाललेल्या काँग्रेस रेडिओचा अनुभव अधिक बोलका आहे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर या गुप्त केंद्राचे पहिले प्रसारण झाले. केंद्र चालवणाऱ्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रेडिओलहरींचा एक मूलभूत दोष ठाऊक होता: प्रक्षेपक चालू झाला की दिशाशोधक यंत्रे लावलेल्या पोलिसी गाड्यांना त्याचे ठिकाण हळूहळू हेरता येते, म्हणजे संदेश स्वतःच आपला पत्ता जाहीर करत जातो. म्हणून त्यांनी मुंबईतल्या मुंबईत जागा बदलत ठेवल्या आणि ध्वनिमुद्रणाची जागा प्रक्षेपणाच्या जागेपासून वेगळी राखण्याचा प्रयत्न केला. या दोन उपायांपैकी दुसरा अधिक दूरदृष्टीचा होता, कारण त्यात माहिती विभागली जाते. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले ते केवळ पोलिसांच्या यंत्रांमुळे नव्हे; ज्याला यंत्राचीही माहिती होती आणि माणसांचीही, अशा तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना ठिकाण कळले. सुमारे अडीच महिने पत्ते बदलून जे राखले गेले ते दोन गोष्टी एकत्र जाणणाऱ्या एका माणसामुळे संपले.

संगणकीय जाळ्यावरील पत्ता म्हणजे आयपी पत्ता: जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला मिळणारा, उत्तर कोठे परत पाठवायचे हे सांगणारा आकडा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्या काळी फोनच्या तारेवरून जोडणी घेतली जाई आणि बहुधा प्रत्येक जोडणीला वेगळा पत्ता मिळे. म्हणजे बदलता पत्ता ही सुरुवातीला लपण्याची युक्ती नसून टंचाईवरचा तोडगा होता. जुन्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य होते, आणि जागतिक साठ्यातील अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्यानंतर मोबाइल कंपन्यांनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत सर्रास स्वीकारली. तेव्हा चाकूरच्या बाजारपेठेत मोबाइलवरून एखादे पान उघडणारा माणूस आणि दूरच्या गावातला त्याला अनोळखी ग्राहक हे बाहेरच्या संकेतस्थळाला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात. पत्ता म्हणजे माणूस हे समीकरण ज्यांनी कायद्यात आणि तपासात गृहीत धरले, त्यांनी ही साधी गोष्ट पुरेशी लक्षात घेतली नाही.

अवघड उत्तराचा तात्त्विक पाया डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मांडला. अनेकांचे संदेश एका मध्यस्थाकडे गोळा करावेत, त्यांचा क्रम बदलावा आणि मग ते पुढे पाठवावेत, म्हणजे आत आलेला कोणता आणि बाहेर पडलेला कोणता यांची जोडी लावता येणार नाही, अशी ती कल्पना होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लॅग, मायकेल रीड आणि पॉल सायव्हर्सन यांनी तिला ‘कांदा मार्गनिर्धारण’ हे रूप दिले, आणि सायव्हर्सन यांच्याबरोबर रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन यांनी घडवलेले टॉर २००३ च्या ऑक्टोबरात खुल्या परवान्याखाली सार्वजनिक वापरात आले. नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलेली गोष्ट सर्वांसाठी खुली का केली, असे अनेकांना आश्चर्य वाटते. पण कारण तर्कशुद्ध होते. केवळ नौदलाचेच लोक वापरत असलेल्या जाळ्यातून निघालेला प्रत्येक संदेश नौदलाचाच ठरला असता, आणि म्हणून लपण्यासाठी अनोळखी, निरुपद्रवी, नाना प्रकारच्या माणसांची गर्दी हवी होती. २००६ मध्ये हे काम चालवण्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली.

टॉरमध्ये मागणी तीन टप्प्यांतून जाते. पहिला म्हणजे प्रवेशाचा संगणक, दुसरा मधला आणि तिसरा निर्गमाचा. हे संगणक जगभरातील स्वयंसेवक चालवतात. संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे कूटलेखनाचे थर चढवलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर एकच थर उतरतो. त्यामुळे प्रवेशाच्या संगणकाला पाठवणारा कोण हे कळते पण तो कोठे चालला आहे हे कळत नाही, निर्गमाच्या संगणकाला गंतव्य कळते पण पाठवणारा कळत नाही, आणि मधल्याला दोन्ही कळत नाही. काँग्रेस रेडिओचा घात करणारी परिस्थिती, म्हणजे दोन्ही बाजू एकाच ठिकाणी एकत्र येणे, येथे रचनेतच टाळलेली आहे. संकेतस्थळाला दिसणारा पत्ता निर्गमाच्या संगणकाचा असतो, आणि मार्ग ठरावीक काळाने बदलत असल्यामुळे तोही बदलतो; परंतु हा बदल मूळ विभागणीला दिलेली पुरवणी आहे, तिचा गाभा नव्हे.

या पुरवणीलाच मुख्य गोष्ट समजण्याची चूक प्रामुख्याने स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांकडून झाली. स्क्रिप्ट म्हणजे माणसाने ब्राउझरमध्ये एकेक पान उघडण्याऐवजी संगणकाकडून तेच काम ओळीने करून घेणारा छोटा प्रोग्राम. ही प्रथा वेबइतकीच जुनी आहे: १९९३ मध्येच वेबचा विस्तार मोजत फिरणारा प्रोग्राम लिहिला गेला, आणि १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांच्या सूचनेवरून ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलचा संकेत रूढ झाला, ज्यात कोणती पाने प्रोग्रामांनी उघडू नयेत हे संकेतस्थळ लिहून ठेवते. हा केवळ शिष्टाचार होता, सक्ती नव्हती. तो न पाळणाऱ्यांना आवरण्यासाठी संकेतस्थळे एका पत्त्यावरून येणाऱ्या मागण्या मोजू लागली आणि मर्यादा ओलांडणारा पत्ता अडवू लागली. त्यावर उपाय म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे टॉरकडे वळले.

त्यांची रीत थोडक्यात अशी: टॉरचा प्रोग्राम आपल्याच संगणकावर चालू ठेवला की तो ९०५० या क्रमांकाच्या द्वारावर सॉक्स पद्धतीने, म्हणजे कोणत्याही प्रकारची जोडणी पुढे ढकलणाऱ्या मध्यस्थाच्या पद्धतीने, मागण्या स्वीकारतो, आणि पायथन या प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेतील किंवा ‘कर्ल’सारख्या साधनातील मागण्या त्या द्वाराकडे वळवता येतात. ९०५१ या नियंत्रणाच्या द्वारावर ‘न्यूनिम’ हा इशारा दिला की पुढील जोडण्यांसाठी टॉर नवे मार्ग वापरतो. पायथनमध्ये हे काम ‘स्टेम’ नावाच्या साधनसंग्रहाने सोपे केले. लागोपाठ असे इशारे दिले तर टॉर सुमारे दहा सेकंदांचे अंतर सक्तीने राखतो, आणि नवा मार्ग म्हणजे नवा निर्गमपत्ता मिळेलच अशी हमीही देत नाही. संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधण्याचे काम मात्र टॉरच्या बाहेरून होऊ लागले तर संकेतस्थळाचे नाव स्थानिक सेवादात्याला उघड दिसते, म्हणून ते कामही मध्यस्थाकडेच सोपवण्याचा पर्याय निवडावा लागतो. कित्येक स्क्रिप्टांची अब्रू एवढ्या एका ओळीच्या गफलतीने गेली असावी.

‘मराठवाडा’ साप्ताहिकाच्या बाबतीत जे घडले तेच येथे दुसऱ्या वेषात घडते. पत्ता बदलला तरी स्क्रिप्ट तीच कुकी, म्हणजे संकेतस्थळाने ओळखीसाठी दिलेली खूण, परत करत असेल, तेच खाते वापरत असेल, ठरावीक सेकंदांनी त्याच क्रमाने तीच पाने मागत असेल, तर दहा पत्त्यांमागे एकच हात आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. शिवाय टॉरच्या निर्गमसंगणकांची यादी मुळातच जाहीर असते, कारण त्याशिवाय जाळे चालू शकत नाही. त्यामुळे एकेका पत्त्याच्या मागे न लागता अनेक संकेतस्थळांनी सगळी यादीच अडवली. त्याची किंमत मोजावी लागली ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपेक्षा, ज्यांना खरोखरच ओळख लपवण्याची गरज होती अशा पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना. स्वयंसेवकांनी पदरमोड करून पुरवलेल्या क्षमतेवर हजारो अनावश्यक मागण्यांचा भार टाकणे हा तंत्राचा वापर म्हणून कल्पक असला तरी वर्तन म्हणून समर्थनीय नाही.

निर्गमाच्या टप्प्याचा धोका भारताला २००७ मध्ये कळला, आणि तोही नामुष्कीच्या रूपाने. स्वीडनचे संगणकसुरक्षा सल्लागार डॅन एगर्स्टाड यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जगभरातील दूतावास व सरकारी संस्थांच्या शंभर ईमेल खात्यांचे संकेतशब्द प्रसिद्ध केले. त्यात भारतीय दूतावासांची खाती होती, तशीच संरक्षण संशोधन व विकास संघटनेची आणि पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची खातीही होती. आपण टॉरचे काही निर्गमसंगणक चालवत होतो आणि त्यांतून जाणारी उघडी वाहतूक वाचत होतो, हे त्यांनी पुढच्या महिन्यात सांगितले. कोठून आले हे टॉर लपवतो, काय लिहिले आहे हे नव्हे. शेवटचा थर उतरल्यावर मजकूर कूटबद्ध नसेल तर निर्गमसंगणकाचा मालक तो वाचू शकतो. हा भेद न कळलेल्या कोणीतरी, खात्यांच्या मूळ मालकांनी म्हणा किंवा त्यांचे संकेतशब्द आधीच चोरलेल्यांनी म्हणा, अनामिकतेलाच गोपनीयता मानले होते.

त्या वेळी देशाचे गृहमंत्री चाकूरचे होते. १२ ऑक्टोबर १९३५ रोजी चाकूर येथे जन्मलेले शिवराज पाटील चाकूरकर २००४ पासून ३० नोव्हेंबर २००८ पर्यंत त्या पदावर राहिले, आणि त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षात ‘पत्ता म्हणजे माणूस’ हे समीकरण महाराष्ट्रातच कोसळले. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी, २६ जुलै २००८ रोजी आलेली इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेची ईमेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील पत्त्यावरून निघाल्याचे आढळले. त्या घरातील परदेशी रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले, आणि मग उलगडले की त्याची संरक्षण नसलेली वाय-फाय जोडणी बाहेरच्याच कोणी वापरली होती. पुढच्या ईमेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून गेल्या. येथे टॉरचा आधार घेतलेला नव्हता. दर वेळी दुसऱ्याचा पत्ता उसना घेतला गेला आणि तपासयंत्रणा दर वेळी एका निरपराध दारात जाऊन उभी राहिली. प्रत्यक्ष गुन्हेगारांपर्यंत पोहोचण्यासाठी पोलिसांना माणसांचा माग काढण्याचे जुने कष्टाचे काम करावे लागले.

राज्यसंस्थेने या अनुभवातून घेतलेला निष्कर्ष मात्र उलटा होता: पत्ता पुरेसा नसेल तर पत्त्यांच्या नोंदी अधिक ठेवाव्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, तेव्हा या खात्याचे मंत्री अंबाजोगाईचे प्रमोद महाजन होते, आणि त्या कायद्याचा सूर ई-व्यापाराला चालना देण्याचा होता. २००८ च्या डिसेंबरमध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर महिनाभरात, संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने तो सूर बदलला. संदेश अडवण्याचे व उलगडून मागण्याचे अधिकार रुंदावले आणि ६६-अ हे कलम आले, ज्याखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली व जे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेचालकांना ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि नोंदवही ठेवणे बंधनकारक केले, आणि २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना, म्हणजे ग्राहकाची वाहतूक आपल्या पत्त्यावरून पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थांना, ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. त्यावर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले संगणकच हलवले. व्हीपीएन कंपनीला दोन्ही बाजू ठाऊक असतात, म्हणून तिच्यावर असा हुकूम बजावता येतो. टॉरमध्ये ग्राहकांची यादीच नसल्यामुळे असा हुकूम बजावण्यासारखे तेथे कोणी नसते.

तरीही टॉरचे संरक्षण सर्वत्र सारखे नसते. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी देणारा विद्यार्थी टॉर वापरूनही सापडला, कारण विद्यापीठाच्या जाळ्यावरून त्या वेळी टॉर वापरणारे थोडेच होते आणि तपास करणाऱ्यांना त्यांनाच विचारायचे होते. पाठवणारा टॉर वापरतो आहे एवढे त्याच्या सेवादात्याला साध्या जोडणीत दिसते. मुंबईत अशा वापरकर्त्याला गर्दी मिळते; चाकूरसारख्या गावात तो कदाचित एकटाच असेल, आणि मग तीन टप्पे आणि बदलते पत्ते असूनही पहिल्याच दारात तो उठून दिसेल. टॉर वापरला जात आहे हेच झाकण्यास मदत करणारे ‘पूल’ नावाचे अघोषित प्रवेशसंगणक येथे उपयोगी पडतात, परंतु त्यांची खरी गरज कोणाला पडते हे गावाच्या आकारावर बरेच अवलंबून आहे.

स्क्रिप्ट, मर्यादा आणि पत्ता यांचा झगडा सामान्य माणसाच्या जीवनमरणाशी जोडला गेला तो २०२१ मध्ये. १८ ते ४४ वयोगटासाठी कोविड लसीची नोंदणी २८ एप्रिलला कोविन संकेतस्थळावर सुरू झाली, आणि रिकाम्या जागा शोधणाऱ्या स्क्रिप्ट काही दिवसांतच पसरल्या. सरकारने कोविनची माहिती प्रोग्रामांसाठी खुली ठेवली होती, पण एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० मागण्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा न्याय्य दिसते खरी, मात्र तिने माणसे नव्हे, पत्ते मोजले: ज्याला अनेक पत्ते वापरण्याचे तंत्र अवगत होते त्याला ती अडवत नव्हती, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोनच नव्हता त्याला तिचा उपयोग नव्हता. महाराष्ट्रात शहरांतील लोकांनी ग्रामीण केंद्रांवरील जागा आरक्षित करून मोटारीने तेथे जाऊन लस घेतल्याच्या बातम्या मे महिन्यात आल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबणाऱ्या धोरणातील विषमतेवर बोट ठेवले. थेट केंद्रावर जाऊन नाव नोंदवण्याची सोय वाढत गेली तसतसे त्या स्क्रिप्टांचे महत्त्व आपोआप ओसरले.

सार्वजनिक माहितीच्या बाबतीत कोविनचा हा शेवटचा अनुभव सर्वांत उपयोगी आहे: सरळ मार्ग खुला झाला की आडमार्गाची गरज उरत नाही. देशभरातील बाजार समित्यांचे दैनिक भाव केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर प्रोग्रामांना थेट वाचता येतील अशा रूपात दिले जातात. ते मिळवण्यासाठी कोणाला पत्ता लपवावा किंवा बदलावा लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या ज्या खात्यांनी जनतेच्याच नोंदी एकेका पानामागे आणि वाचता न येणाऱ्या अक्षरचित्रांमागे ठेवल्या आहेत, त्यांनी नागरिकाची खासगी माहिती वगळून उरलेले सारे याच रीतीने खुले करावे, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनीही टॉरची मर्यादित क्षमता ज्यांना नाव लपवल्याशिवाय बोलता येत नाही त्यांच्यासाठी सोडावी.